गाणारीला विचारलंस?

तुम्ही शेवटचं गाणं कॉम्प्युटरवर उतरवून घेतलंत, तेव्हा गाणाऱ्याला विचारलं होतंत का?

प्रश्न माझा नाही. इस्रायलमधल्या अश्दोदला आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकांचा. बंदरातून निवृत्त झालेले, काकू गेलेल्या, मुलगा परदेशात. त्या वर्षांत जो तो फुकट गाणी उतरवत सुटला होता आणि मी बसस्टॉपवर पत्रकं वाटत होते: गाणाऱ्याची मजुरी बुडवू नका. लोक घ्यायचे आणि बाकावर ठेवून जायचे. काकांनी उभ्याउभ्या सगळं वाचलं.

"यात नवीन काय लिहिलंस, पोरी? मलिद्याचं ताट पुढ्यात असलं, तरी देवाच्या आभाराची ब्राखा म्हणेपर्यंत आपण हात लावतो काय?"

काकूंनी तरुणपणी सिनेगॉगमध्ये एका मैत्रिणीसोबत मराठी कीर्तन गायलं होतं. त्याची खरखरती प्रत इंटरनेटवर फिरत होती. काका ती ऐकत नसत. "डब्यातून बोलल्यासारखी येते ती. वर चोरून."

मग तेव्हा ते कीर्तन टेप करणाऱ्याच्या मुलानं अश्केलोनहून मूळ टेप साफ करून तिची फाइल पाठवली. "श्वाससुद्धा ऐकू येतो, काका," तो फोनवर म्हणाला.

काकांनी माउसवर हात ठेवला. काढून घेतला.

"दुसरा आवाज तिच्या मैत्रिणीचा, बायचा आहे. तिला विचारलं कुणी?"

"काका, तुमच्या बायकोचं गाणं आहे!"

"अर्धं."

बाय अरादला राहायची. फोन नातू उचलायचा, हिब्रूत सांगायचा: "सव्ता येशेना." आजी झोपलीय. प्रत्येक वेळी आजी झोपलेलीच. शेवटी आम्ही बस पकडली.

बाय जागी होती. गोरीपान, हसरी, आणि काकांना न ओळखणारी. काकांनी हलक्या आवाजात कीर्तनाची ओळ म्हणून दाखवली.

"गोड आहे. कोणाचं?"

"तुझं, बाय. तुम्हां दोघींचं. घेऊ का मी?"

"माझं कुठलं? न्या की. चहा घेता?"

परतताना काका खिडकीबाहेरच्या वाळवंटाकडे बघत होते. मी म्हटलं, मिळाली ना परवानगी?

"तिला नाही म्हणता यायला हवं होतं, पोरी. तरच ते हो खरं."

फाइल त्यांनी उतरवलीच नाही. जिना चढताना उघड्या दारातून दिसायचं: कॉम्प्युटर चालू, मेल उघडी, काका समोर बसलेले. खोलीत फक्त पंख्याचा आवाज. पुढच्या हिवाळ्यात ते गेले. काकूंचा आवाज पुन्हा न ऐकताच.

कायद्यानं त्यांना कुणी अडवलं नसतं, हे मला ठाऊक आहे. हट्टी होते असं आमच्या जिन्यात सगळे म्हणतात. मला राग येतो तो आमचा. बाय शहाणीसुरती होती तेव्हा त्या टेपच्या प्रती घरोघर वाजत होत्या, आणि एकालाही तिला फोन करावासा वाटला नाही.

तुमच्याकडेही कुणाचं तरी असं गाणं असेल. नंबर शोधा. ती स्वतः फोन उचलते आहे तोवर विचारा. नाही म्हणाली, तर पुसून टाका.