रातकिड्याच्या मिशा

आज सकाळी कुंडीतली माती उकरली आणि भांडुपच्या टेकडीवरच्या आमच्या चाळीचा वास आला.

तेव्हा मी आठ वर्षांची होते. घरामागे एका गांधीलमाशीने निपचित रातकिडा बिळात ओढला आणि तोंडात खडा धरून वरची माती ठोकून घट्ट केली. ती उडाल्यावर मी किडा उकरून काढला. त्याच्या मिशा हलत होत्या.

“आई, हा जिवंत आहे गं!”

“असणारच. डंख मारून लुळा करते ती. पिल्लाला ताजं खायला लागतं ना. ठेव परत.”

मी ठेवला.

आज हात धुऊन मी कामावर निघाले. अर्धांगवायू झालेल्या आईचे आता फक्त डोळे हलतात. ते दारापर्यंत माझ्यामागे आले. मी बाहेरून कुलूप लावलं आणि नेहमीसारखं दोनदा ओढून पाहिलं.