रुपरावांचा अंगठा

आमच्या जवायाले अख्खं पारशिवनी पायलट समजते. लग्नाच्या वेळी आम्हीच तसं सांगून ठेवलं होतं. खरं तर रुपराव वायुसेनेत हेलिकॉप्टर दुरुस्त करतात. बावीस वर्षांत त्यायनं जेवढं आकाश पाहिलं, तेवढं तर मीही कळमन्याच्या बाजारात संत्र्याच्या ढिगापाशी उभा राहून पाहतो. मी धर्मेंद्र, त्यायचा साळा. माही अडत आहे, म्हणजे दिवसभर बोलणं हाच धंदा. जवायाचा धंदा मोजणं.

त्यायच्याकडे एक मोठी पाटी असते म्हणे. तिच्यावर दरेक हत्याराचा आकार रंगवलेला. काम झालं की दरेक हत्यार आपापल्या आकारावर परत लागलं पाहिजे. एकही जागा खाली दिसली तर हेलिकॉप्टर जमिनीवरच, कारण हरवलेला पाना मशीनच्या पोटात असला तर वर जाऊन काय करंल त्याचा नेम नाही. चांगलं आहे बा. पण ही विद्या त्यायनं माह्या लग्नातही दाखवली. आचाऱ्याचा टेम्पो निघाला होता, यायनं एका पळीसाठी अडवून ठेवला. पळी सापडली कढीच्या गंजात. तोवर बिदाईचं रडणं संपून लोक जांभया देऊन राहिले होते.

आणि अंगठा. वर बसलेल्या पायलटले स्वतःच्या मशीनची शेपटी दिसत नाही, आवाजात काही ऐकू येत नाही. मग हे महाशय समोर उभे राहतात, सगळीकडे नजर फिरवतात आणि अंगठा दाखवतात. तेव्हा कुठं मशीन उठते. एवढा शिकलेला साहेब, आणि भरवसा कोणावर, तर आमच्या जवायाच्या अंगठ्यावर. मी लय हसलो होतो.

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये नदीचं पाणी आमच्या गावात घुसलं. आई, प्रयागबाई, तिथं एकटीच होती. शेळी सोडून शहरात येत नाही म्हणे. गावातले काही जण आणि आई शाळेच्या छतावर चढले, शेळीसकट. आईचा एकच फोन आला, छतावर आहो, पाणी शाळेच्या खिडकीले लागलं म्हणून, आणि मग फोन बंद. रस्ते बंद झाले होते. माही बहीण वंदना, तिनं नवऱ्याच्या सेक्शनमध्ये फोन करून निरोप दिला. नागपुरातून हेलिकॉप्टर निघून राहिलं असं कळलं, तसा मी अख्ख्या बाजारात सांगत सुटलो की आमचे जवाई येऊन राहिले.

जवाई काही आले नाही. पायलट अनिश साहेब पट्टे बांधून बसले होते, इंजिन सुरू व्हायचं होतं, आणि पाटीवर एक जागा खाली. दहा नंबरचा पाना. रुपरावांनी अंगठ्याऐवजी दोन्ही हात आडवे धरले. साहेबानं एक शब्द न विचारता सगळे बटन बंद केले. मग झाकणं उघडा, टॉर्च मारा, गवत धुंडा. यायनं हाताखालच्या पोट्ट्यायचे खिसे उलटे करायले लावले. दरेकाचे. फक्त स्वतःचे सोडून.

चाळीस मिनिटांनी पाना सापडला. जवायाच्याच मांडीवरच्या खिशात.

आता कोणी शहाणा माणूस असता तर त्यानं तो गवतात टाकला असता आणि मग "सापडला" म्हटलं असतं. पण आमचे हरिश्चंद्र! सगळ्यायच्या समोर खिशातून काढला, पाटीवर लावला, माही चूक म्हणून लिहून दिलं, आणि शिक्षा म्हणून महिनाभर रजिस्टर लिहीत बसले. हेलिकॉप्टर गेलं, सगळ्यायले उचलून आणलं. आईले उचललं तेव्हा पाणी छतावर आलं होतं. त्या चाळीस मिनिटांत तिच्या हातातून दावं सुटलं आणि शेळी तिच्या डोळ्यासमोर वाहून गेली.

तेव्हापासून आई लेकीकडेच राहते, पण जवायाशी बोलत नाही. त्यायच्या ताटात वाढतही नाही. मी मात्र बोलत होतो. लग्न असो का बारसं, रुपराव दारात दिसले की मी म्हणायचो, "आले, दहा नंबर आले." लोक हसत, तेही हसत. सासू छतावर आहे हे मालूम असून ज्या माणसानं मशीन थांबवलं, त्याचा मले खरंच राग होता.

मागच्या महिन्यात अनिश साहेबाची बदली झाली. रुपरावांनी त्यायले घरी जेवायले बोलावलं. वंदनानं वडाभात केला होता, मीही होतो. दोन घास पोटात गेले आणि माह्या जिभेले खाज सुटली. म्हटलं, साहेब, पाना तर खिशातच होता. उडाले असते तर काय बिघडलं असतं? आमच्या आईची शेळी तरी वाचली असती.

साहेबाचा हात थांबला. कोणाची आई, म्हणून विचारलं. मी आईकडे बोट दाखवलं, शाळेच्या छतावर हीच होती म्हटलं.

साहेब रुपरावांकडे वळले. "तुम्ही मला सांगितलं नाहीत."

रुपराव ताटाकडे पाहून बोलले. "निरोप आला तेव्हा पाना हातातच होता साहेब. तेव्हाच खिशात गेला असंल, मले समजलं नाही. तुम्हाले सांगितलं असतं, तर तुम्ही पाना न सापडता उडाले असते. मशीनमध्ये चौघं होते."

साहेबानं ताट जरा सरकवलं. मग म्हणाले, "उडालो असतो."

मले माह्याच बोलण्याची लाज वाटली, खरं सांगतो. आई उठली, वंदनाच्या हातातलं भांडं घेतलं आणि रुपरावांच्या ताटात दोन वडे वाढले. "थंडे होऊन राहिले जवाईबुवा," म्हणे. "खा."