थोरलीच्या मळ्यातली तार

पडदा वर जातो तेव्हा डावीकडे वाइनच्या पिंपांचं दगडी कोठार, उजवीकडे उतारावर तारांवर चढवलेल्या द्राक्षवेली, आणि मधोमध बाकावर वाइन चाखायच्या सहलीला निघालेले आम्ही म्हातारे नट. सकाळपासूनचा हा तिसरा मळा, त्यामुळे संवाद जरा मागेपुढे होत होते. कोठारातून वाइनचा जग घेऊन मालकीण आली. रुंद खांदे, कोपरापर्यंत जांभळे हात. अशी एन्ट्री मी आयुष्यात दोनदाच पाहिली असेल. घरची मोठी सून, म्हणून सगळे तिला थोरलीच म्हणत.

"घोट घ्या, तोंडात घोळवा आणि बादलीत थुंका," ती म्हणाली.

"बाई, फुकटचं मी कधी थुंकलेलं नाही," आमचा विनोदी नट म्हणाला.

"मग गिळा. पण बसमध्ये ओकलात तर पुसायला मी येणार नाही."

ओतता ओतता तिनं स्वतःची कहाणी सांगितली, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तशी. नवी नवरी असताना सासरा तिला वेलीच्या काठीनं बडवायचा. एकदा तिनं काठी हिसकावली आणि त्याचंच मनगट मोडलं. हात गळ्यात बांधून सासरा दुसऱ्याच दिवशी तिला छाटणी शिकवायला आला. पुढे नवरा उतारावर ट्रॅक्टरखाली चिरडला. त्याला बाहेर ओढलं तेही हिनंच. आता धाकट्या दिराला मळा विकायचा होता. दोघांत ठरलं होतं, यंदाचं पीक साधलं तर मळा राहील, नाहीतर विकायचा. उद्या द्राक्षं तोडायची होती.

तेवढ्यात उतारावरून सणकन आवाज आला. दीर पक्कड घेऊन वेलींच्या तारा कापत होता. घडांनी लगडलेली एक अख्खी ओळ मातीत आडवी झाली.

थोरली हातातला जग टाकून धावली. "भाऊजी, पक्कड खाली ठेवा."

"लांब राहा, वहिनी. आज निकालच लावतो."

मळ्यात वाढलेला कुणीही तार कापण्याआधी खांबाकडचा ताण सैल करतो. रागाच्या भरात हा तेच विसरला. पुढची तार तुटली ती चाबकासारखी उलटली आणि गालापासून भुवईपर्यंत त्याचा चेहरा चिरत गेली.

आम्हाला वाटलं, ती त्याला सावरेल. तिनं त्याच्या बरगडीत लाथ घातली. त्यानं आंधळ्यासारखी पक्कड फिरवली, तिचा दात तुटला. मग तिथलंच एक फावडं उचलून त्याच्या दांड्यानं ती त्याला बडवत सुटली, पाठीवर, मांड्यांवर, तो मातीत लोळेपर्यंत. रंगभूमीवर मी पुष्कळ मारामाऱ्या केल्या. तिथे प्रत्येक फटक्याआधी समोरचा नजरेनं इशारा देतो. इथे तसा इशारा कुणी देत नव्हतं.

अखेर त्याचा चेहरा नीट दिसला तेव्हा तिचा हात थांबला. तिथेच बसून तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, अंगावरचा एप्रन सोडला आणि जखमेवर दाबून धरला.

"वहिनी, माझा डोळा गेला," तो लहान मुलासारखा कण्हला.

दवाखान्यात न्यायला आम्ही त्याला उचलून आमच्या बसमध्ये घातलं. थोरली दारापर्यंत आली, तोंडातलं रक्त थुंकली आणि मातीत पडलेल्या घडांकडे वळून पाहत त्याला म्हणाली, "हात शाबूत आहेत ना तुझे? पट्टी बांधून लगेच परत ये. ही पडलेली ओळ आजच तोडायला लागणार."