‘तुम्हालाच का बोलवावं?’

आमची नात स्वतः गाणी लिहिते, स्वतः चाली लावते, खोलीतल्या कपाटाला गादी टेकवून स्वतःच रेकॉर्ड करते. आणि मग ते गाणं इंटरनेटवर टाकताना वर लिहिते, “सहज केलंय. फार खास नाही. वेळ असेल तर ऐका.”

आता मला सांगा, एवढं वाचल्यावर कोणाला वेळ असेल? भाजीवाली “मेथी तशी बरी आहे, बघा हवी तर” म्हणाली, तर मी तरी थांबेन का?

पोरगी चोवीस वर्षांची. दिवसभर बेलापूरला ऑफिसात असते. संध्याकाळी नेरूळला घरी आली की चहा पिते आणि खोलीत शिरते. तिच्या पाठीशी ना कुठली कंपनी, ना कोणी ओळखीचं. गाणं करायचं हिनं आणि त्याची दवंडी पिटायची तीही हिनंच. पहिलं काम झोपेतही करील. दुसऱ्याला बसली की नखं खाते.

मी म्हटलं, आपण मदत करू. तिच्या गाण्याखाली फोनवरून लिहिलं, “कोण ही मुलगी? काय गोड आवाज! – एक अनोळखी रसिक.” पाचव्या मिनिटाला ती स्वयंपाकघराच्या दारात.

“आजी, हे तू लिहिलंस?”

“मी? छे गं.”

“अनोळखी रसिकाच्या फोटोत मी तुझ्या मांडीवर बसलीये.”

मी कुकरची शिट्टी मोजत असल्याचं दाखवलं. ती हसली, पण हसता हसता तिचे डोळे भरले. “म्हणजे ऐकणाऱ्यांत एक तूच,” म्हणाली.

तेव्हा मला कळलं की हे गमतीवारी नेण्यासारखं राहिलेलं नाही.

वाशीला एक छोटं सभागृह आहे. स्वतःची गाणी करणाऱ्या नव्या मुलांना तिथे महिन्यातल्या एका रविवारी अर्धा तास गायला देतात. अर्ज फोनवरच भरायचा. हिनं तो आधी दोनदा उघडला होता आणि दोन्ही वेळा मुदत जाऊ दिली होती. या खेपेची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी सातला संपत होती. “या वेळी नाही जमलं ना, तर सगळी गाणी काढून टाकते,” ती म्हणाली. “उगाच कशाला चारचौघांत हसं?”

मी तिचा फोन घेतला, चष्मा लावला. नाव भरलेलं, गाण्यांच्या लिंका दिलेल्या. एकच रकाना कोरा: ‘आम्ही तुम्हालाच का बोलवावं?’

“लिही की.”

“काय लिहू? मी छान गाते म्हणून? शी! स्वतःच?”

ते ‘शी’ ऐकलं आणि मी फोन खाली ठेवला. कारण ते तिचं नव्हतं. ते माझं होतं.

आम्ही नेरूळला नवीन राहायला आलो तेव्हा आमच्या सोसायटीत जेमतेम तीन इमारती उभ्या होत्या. मी गाण्याच्या तीन परीक्षा दिलेल्या. पहिल्याच संक्रांतीच्या हळदीकुंकवात गाण्याचा कार्यक्रम ठरला. मी आठवडाभर ज्येष्ठमध चघळला, ताक बंद केलं, नवऱ्याला सकाळी साडेपाचला माझ्या सुरांनी उठवलं. बिचारा काही बोलला नाही, फक्त रेडिओ दुरुस्तीला टाकू या का म्हणाला.

आमच्यात रीत अशी की विचारल्याबरोबर गायचं नाही. पहिल्यांदा “घसा बसलाय” म्हणायचं. दुसऱ्यांदा “मला कुठं येतंय?” म्हणायचं. तिसऱ्यांदा बायका हात धरून उठवतात, मग लाजत लाजत उठायचं, आणि मग दोन कडव्यांऐवजी पाच म्हणायची. हे सगळ्यांना माहीत असतं. म्हणजे, असं मी समजत होते.

बायका म्हणाल्या, “म्हणा हो एक.” मी पदर सावरून म्हटलं, “अहो, घसा बसलाय.” पुन्हा म्हणाल्या. मी मान खाली घालून म्हटलं, “इश्श, मला कुठं येतंय?” आणि तिसऱ्या आग्रहाची वाट बघत मनात सूर लावला.

त्या दिवशी शेजारच्या शिरवणे गावातली एक आगरी बाई आली होती. तिच्या नवऱ्याचं आमच्या इमारतीखाली दुकान होतं. साधी, सरळ बाई. तिला माझी दया आली. “बायचा घसा बसलाय ना, मंग कशाला तरास देता तिला? मी म्हनते ना एक.” आणि तिनं तिथेच बसल्या बसल्या त्यांच्या लग्नातलं एक गाणं सुरू केलं. काय आवाज! कोणी तिला दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं. खरं तर पहिल्यांदाही नाही. बायका ताल धरून बसल्या. मी पण धरला, तोंडात ज्येष्ठमधाची काडी आणि चेहऱ्यावर हसू. घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं, “इतका आग्रह केला हो, पण मी काही गायले नाही.” अशी शहाणी होते मी! पुढच्या वर्षी मला कोणी विचारलंच नाही. घसा नाजूक आहे, असं पसरलं होतं. मीच पसरवलं होतं.

हे सगळं मी नातीला सांगितलं. ती आधी पोट धरून हसली. मग डोळे पुसत माझ्याकडे वळली.

“मग तू कधीच नाही गायलीस?”

“भांडी घासताना गायले. भांड्यांनी आग्रह केला नाही, तरी.”

साडेसहा वाजत आले होते. मी म्हटलं, “छान गातेस ते लिहू नकोस. काय घडलंय ते लिही. तुझी गाणी माझ्याखेरीज कोणी ऐकली?”

“कोणी नाही.” मग नख कुरतडत, “एक बाई आहेत.”

तिचं एक गाणं तिच्या आईवर, म्हणजे माझ्या सुनेवर आहे. सून तळोज्याला एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये आहे. सकाळी सहाला नाक्यावर कंपनीच्या बसची वाट बघत उभी असते. त्या गाण्याखाली कोणा अनोळखी बाईनं, खऱ्या अनोळखी, माझ्यासारख्या नव्हे, लिहिलं होतं, “मी पण रोज अशीच उभी असते. आता बस येईपर्यंत हे गाणं ऐकते.”

“अगं मग हे लिही की रकान्यात!”

“ते स्वतःचं कौतुक नाही होत?”

“कौतुक कसलं? बातमी आहे ती.”

तिनं लिहायला घेतलं. खोडलं. पुन्हा लिहिलं. मध्येच ‘जमल्यास’ असा एक शब्द घुसवला, तो मी बोटानं दाखवला, तिनं काढला. सातला सहा मिनिटं असताना अर्ज गेला. मग तिनं फोन उलटा ठेवला आणि माझ्या हातानं पोळी-भाजी जेवली, लहान असल्यासारखी.

आठवड्यानं उत्तर आलं. बोलावलं होतं.

त्या रविवारी सभागृहात पन्नास-एक खुर्च्या, निम्म्या रिकाम्या. मी आणि सून तिसऱ्या रांगेत. पहिली दोन गाणी ती मान खाली घालूनच गायली. मग तिसऱ्याच्या आधी गिटार मांडीवर आडवी ठेवून माईकजवळ वाकली. मला वाटलं, आता ‘सहज केलंय’ येणार. मी डोळे मिटले.

“हे गाणं मी माझ्या आईवर लिहिलंय,” ती म्हणाली. “माझं हे सगळ्यात चांगलं गाणं आहे. नीट ऐका.”

सून पर्समध्ये रुमाल शोधू लागली. तो काही सापडेना, तेव्हा तिनं माझा पदर ओढून घेतला. मी ओढू दिला.