रामाची बोटं नसलेली खार

कौसाकाकू भर वैशाखातही पुरुषी सदरा घालायच्या. आमच्याकडे शेतात जाताना बायका लुगड्यावरून नवऱ्याचा जुना सदरा चढवतात, ऊन आणि काटे लागू नयेत म्हणून, आणि घरी आल्या की खुंटीला टांगतात. काकूंचा सदरा खुंटीला टांगलेला मी कधीच पाहिला नाही. मनगटापर्यंत बटणं लावलेली, पदर हनुवटीपर्यंत ओढलेला आणि त्यातून दिसणारे दोन काळेभोर डोळे. नांदुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या या गावात मी सून म्हणून आले, तेव्हा शेजारच्या अंगणात दिसलेलं पहिलं माणूस ते. मी पाया पडायला वाकले, तर त्या झटकन मागे सरल्या.

"दुरूनच पड व माय. तुह्या सासूले नाही चालत."

काकूंच्या अंगावर लग्नानंतर कोड उठलं होतं. ते लागट नसतं हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, गावालाही ठाऊक होतं. पण कळतं ते वळतंच असं नाही. नवऱ्यानं, किसनकाकांनी, दुसरं लग्न केलं नाही, एवढंच काय ते काकूंच्या नशिबाचं उजवं. घरचा भाजीचा मळा होता. मेथीच्या जुड्या काकू बांधायच्या, आणि बाजारात विकायला त्यांची जाऊ बसायची. "माह्या हातची मेथी बजारात जाते, हात नाही जात," असं म्हणून त्या स्वतःच हसायच्या. मला ते हसू ऐकवत नसे.

गावात लग्न निघालं की हळद लावायला सवाष्णींना बोलावणं येई. बोलावणारी बाई दिसली की काकू घरात जाऊन आतून कडी लावत. म्हणजे तिला "घरी नव्हत्या" असं म्हणता यावं. मी एकदा चिडून विचारलं, "तुम्ही काऊन दार लावता?"

"तिले ओशाळं वाटते ना व. आपल्या पायी कोनाले खोटं बोला लागू नये."

एके दिवशी सकाळी त्यांनी मला कुंपणावरून खुणावलं. घरामागच्या चिंचेखाली नेलं आणि ओठांवर बोट ठेवलं. दाट पाल्यात एक खार बसली होती. नाकापासून शेपटीपर्यंत पांढरी, डोळे तेवढे काळे. पाठीवर एकही पट्टा नव्हता. शेजारी दोन साध्या खारी चिंचा कुरतडत होत्या.

"रामानं समद्या खारीईच्या पाठीवरून हात फिरवला म्हन्तात," काकू पुटपुटल्या. "हिच्या पाळीले रामाचा हात दुखत असन." मग जरा थांबून म्हणाल्या, "थ्या दोघी पाह्य. हिले कोनी बाजूले नाही बसवलं."

त्यांचा पदर खांद्यावर घसरला होता आणि त्यांना त्याचं भान नव्हतं. इतक्या वर्षांत मी त्यांचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिला. सुंदर होता.

"कोनाले सांगू नको. पांढरं दिसलं का लोकं एक तं दूर पयतात, नाही तं पायावर पडतात. दोनीमंधी जीव जाते."

ते गुपित आम्ही दोघींनी जपलं. काकू पाल्याच्या आत फांदीला करवंटी बांधून शेंगदाणे ठेवायच्या. चिंचा झोडायला त्यांचा पुतण्या गणेश चढला, त्याला खार दिसली आणि त्याने मोबाइलवर तिचा व्हिडिओ टाकला. मग काय विचारता! नांदुऱ्याहून गाड्या आल्या, पार हिवरा आश्रमाकडूनही माणसं आली. पांढरी खार म्हणजे देवीच, असं ठरलं; बुंध्याला लाल कापड गुंडाळलं गेलं, नारळांचा खच पडला. काकूंचं दार टाळून पुढे जाणाऱ्या बायका आता त्यांच्याच अंगणात उभं राहून विचारत, "काकू, देवी कवा दर्शन देते वं?"

देवी काही दर्शन देईना. पाला दाट होता. म्हणून जाणत्यांनी ठरवलं, खालच्या फांद्या छाटायच्या. कुऱ्हाडी आल्या तेव्हा काकू आयुष्यात पहिल्यांदा पुरुषांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"फांद्या तोडू नका. तुमाले दिसन तं वरच्या पाखरालेही दिसन."

"काकू, देवीले कोन काय करते?" एकजण हात जोडून म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला, तेच वाईट. किसनकाका मान खाली घालून बसून होते. चिंच दुपारपर्यंत उघडी झाली.

तिसऱ्या दिवशी बायका आरती करत होत्या. उघड्या बेचक्यात ती खार उन्हात लख्ख दिसत होती. वरून ससाण्यासारखा शिक्रा आला, झेप घेतली आणि तिला घेऊन गेला. टाळ्या वाजवणारे हात तसेच राहिले.

लोकांनी चिंचेखाली दगड मांडला, शेंदूर लावला. पहिली हळद काकूंनी लावावी, देवी त्यांच्याच दारी आली होती, असं सगळ्यांनी मानानं म्हटलं. त्या मानासाठी या बाईनं जन्मभर कडी लावून वाट पाहिली होती. पुढे केलेल्या वाटीकडे काकूंनी नुसतं पाहिलं.

"जित्या जिवाची सावली तोडली बाप्पा. आता दगडाले हयद लावून काय करू?"

त्यानंतर त्या घरामागे गेल्या नाहीत. पुढच्या थंडीत तापाचं निमित्त झालं आणि काकू गेल्या.

सवाष्ण गेली म्हणून गावातल्या बायका हळदीकुंकू घेऊन आल्या. न्हाऊ घालताना सदरा काढला. डाग असा कुठे उरलाच नव्हता. काकू सगळ्याच पांढऱ्या झाल्या होत्या. हिरवं लुगडं नेसवलं. "लक्ष्मीसारखी गेली माय," कोणीतरी म्हणालं, आणि एकेक जण त्यांच्या हातांना, गालांना हळद लावून पाया पडू लागली. हीच ती बोटं, काकूंच्या दारावर कधी न वाजलेली. मला रडूही येईना, इतका राग आला होता.

माझ्या हातात वाटी आली. मी ती तशीच पुढे दिली. कोपऱ्यात पडलेला सदरा उचलला, झटकला आणि खुंटीला टांगला.