आधी मला दाखवा

बाबा खोपटच्या बस डेपोत कारकून होते. तिथून कुठलंही पत्र थेट जात नसे. आधी कच्चा मसुदा साहेबांपुढे ठेवायचा, साहेबांनी खाडाखोड केली की मग फेअर कॉपी काढायची. बाबा निवृत्त झाले आणि घरात साहेबांची जागा मी घेतली. डोंबिवलीत इंग्रजीच्या शिकवण्या घेते ना मी, तेवढा रुबाब होताच.

भाऊ कॅनडात असतो. त्याच्या मुलीला मराठी येत नाही, म्हणून बाबा सत्तरीत तिला मोबाइलवर इंग्रजीतून निरोप पाठवू लागले. 'आय हॅव सीन युवर फोटो यस्टर्डे.'

"अहो बाबा, यस्टर्डे आहे ना? मग नुसतं सॉ. काल, परवा, गेल्या वर्षी असं काही आलं की हॅव नको. पाठवायच्या आधी मला दाखवत जा."

त्यांनी तो हुकूमच मानला. पाठकोऱ्या कागदावर लिहून आणायचे. मुलांच्या वह्यांच्या ढिगात तो कागद दोन-दोन दिवस पडून राहायचा. एकदा दबक्या आवाजात म्हणाले, "अगं, तिचा वाढदिवस होऊन गेला." मी म्हटलं, "मग आता भूतकाळात लिहा," आणि हसले. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

हळूहळू कागद यायचे थांबले. बाबा नातीला नुसते अंगठे पाठवू लागले. कंटाळले असतील, असं मी म्हटलं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखंच वाटलं होतं.

गेल्या जुलैत नात आली, बारा वर्षांची. पहिल्याच दुपारी जेवणं उरकल्यावर बाबांच्या खुर्चीपाशी बसली आणि म्हणाली, "आजोबा, हॅव यू एव्हर सीन स्नो?"

बाबांनी बर्फ पाहिला होता. आई होती तेव्हा दोघं सहलीबरोबर मनालीला गेले होते. तिथे बाबा बर्फात घसरून सपशेल आपटले आणि त्यांना उठवायचं सोडून आई पोट धरून हसत बसली. ही गोष्ट त्यांनी कोपरीच्या जुन्या शेजाऱ्यांपासून आमच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांना ऐकवली आहे. आत्ताही ती त्यांच्या चेहऱ्यावर आली. ओठ हलले. मग ते थांबले आणि माझ्याकडे बघू लागले.

मी गप्प बसायला हवं होतं. चुकीचं का होईना, त्यांना बोलू द्यायला हवं होतं.

"यस, ही हॅज," मी म्हटलं. "इन मनाली."

बाबांनी मान डोलावली. नात क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे वळली.

"डिड ही लाइक इट?" तिने मला विचारलं.