लोकरीचे मोजे

माझे सासरे चांगदेव भांडगावच्या शिवारात पाटकरी होते. तीस वर्षं कालव्याचं पाणी सोडायचं, बंद करायचं, दिवसभर ओल्यात चालायचं. त्यामुळे त्यांचे पाय कायम गार. मी त्यांना मामा म्हणते. सासूबाई पार्वतीबाईंना आत्या. रोज संध्याकाळी त्या मामांचे पाय मांडीवर घेऊन तेल चोळायच्या. "बेडूक हाय निस्ता," म्हणायच्या. मला ते बघायला फार आवडायचं.

गेल्या वर्षी मामांना हार्ट अटॅक आला. पुण्याच्या दवाखान्यात रक्तदाब काही केल्या वर येईना, तेव्हा डॉक्टरांनी उजव्या जांघेतल्या रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत एक छोटा पंप सरकवला. थकलेल्या हृदयाचं काम चार-पाच दिवस तोच करणार होता. नळी जाड आहे, पायाचं रक्त अडू शकतं, हे त्यांनी माझ्या नवऱ्याला, संघर्षला, सांगितलं. त्याने सही केली. आत्यांना सांगायचं कुणालाच सुचलं नाही. याचा राग मला अजून येतो, आणि त्यात मीही आले.

दुसऱ्या दिवशी आत्यांना भेटायला पाच मिनिटं मिळाली. मामा शुद्धीवर होते. त्यांनी मामांच्या पायांना हात लावला. डावा नेहमीसारखा, उजवा जरा जास्तच गार. त्यांनी पिशवीतून लोकरीचे मोजे काढून घातले आणि चादर नीट केली. नर्स शेजारच्या पेशंटच्या गडबडीत होती. तासाभराने तिने मोजा काढला, तेव्हा पाय निळा पडला होता.

पंप काढला तर जीव जाणार, ठेवला तर पाय. आम्ही पंप ठेवा म्हणालो. मामा वाचले, पण उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

घरी आल्यावर आत्या त्यांचं सगळं करायच्या, तेल मात्र कधी चोळलं नाही. मी एकदा विचारलं, तर उठून गेल्या. परवा चहा देताना त्या एकदम मामांना म्हणाल्या, "अवो, तुमचा पाय म्या घालवला. गार लागला, तरी कुनाला बोलले न्हाई. झाकून ठिवला."

मामांनी कप खाली ठेवला.

"तू मोजा घातला तवा पाय लई ठणकत व्हता," ते म्हणाले. "तू घाबरशील म्हून म्याच गप बसलो."

आत्या उठून आत गेल्या. मला वाटलं, रागावल्या. त्या तेलाची बाटली घेऊन आल्या आणि मामांचा उरलेला पाय मांडीवर ओढला.

"अजून गारच हाय," त्या म्हणाल्या, आणि वर्षभरात पहिल्यांदा माझ्यासमोर रडल्या.